‘मानवजातीचा समाईक वारसा’ : सागरी कायद्यातील एका शब्दप्रयोगाचा इतिहास

सागराच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांनी केलेल्या सहकार्याचा इतिहास सामान्यतः परिषदा, तह आणि मतदाने ह्यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. त्या पद्धतीत वावगे काही नाही. तथापि तह म्हणजे अखेर शब्दांची रचना होय. आणि त्या रचनेत एखादे विशेषण आले किंवा गळले म्हणजे अथांग जलविस्ताराचे भवितव्य बदलते, ही गोष्ट त्या कथनात बहुधा झाकली जाते. प्रस्तुत लेखात ‘मानवजातीचा समाईक वारसा’ ह्या एकाच शब्दप्रयोगाचा माग काढावयाचा आहे. हा शब्दप्रयोग १९६७ नंतर सागरी कायद्यात रूढ झाला, १९८२ च्या करारात त्याला कलमाचे स्थान मिळाले, आणि १७ जानेवारी २०२६ रोजी अमलात आलेल्या नव्या करारात तो पुन्हा अवतरला आहे. तो कोणत्या वस्तूला लागू झाला आणि कोणत्या वस्तूला लागू होता होता राहिला, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

ज्या वस्तूवर कोणा एकाचे नाव नसते तिच्यासाठी मराठीत दोन अगदी भिन्न शब्द आहेत : ‘बेवारस’ आणि ‘समाईक’. बेवारस वस्तू ज्याच्या हाती लागेल त्याची होते. गायरान कोणा एकाचे नसले तरी साऱ्या गावाचे असते, आणि तेथे कोणी कुंपण घातले तर गाव जाब विचारते; निदान विचारावा अशी अपेक्षा असते. रोमन विधिशास्त्रात हाच भेद ‘रेस नुल्लिउस’ आणि ‘रेस कोम्मुनिस’ ह्या संज्ञांनी दाखविला आहे. जस्टिनिअनच्या सहाव्या शतकातील विधिग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा ह्यांना निसर्गतः सर्वांचे म्हटले आहे. परंतु त्याच ग्रंथात थोडे पुढे पशू, पक्षी आणि मासे हे जो पकडील त्याचे, असेही सांगितले आहे. म्हणजे समुद्र समाईक, पण त्यातील मासा बेवारस. ह्या दोन विधानांतील विसंगती शतकानुशतके कोणाला फारशी टोचली नाही, कारण समुद्र मोठा होता आणि जाळे लहान होते.

आधुनिक सागरी कायद्याचा आरंभ ज्या घटनेपासून मानण्याची प्रथा आहे ती घटना युरोपात घडलेली नाही. २५ फेब्रुवारी १६०३ रोजी सिंगापूरजवळ याकोब व्हान हीम्सकेर्क ह्या डच कप्तानाने ‘सान्ता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यावरील माल अॅम्स्टरडॅमला लिलावात निघाला तेव्हा तीस लाख गिल्डरांहून अधिक रक्कम उभी राहिली. ही चांचेगिरी की धर्म्य युद्धातील प्राप्ती, असा वाद साहजिकच उद्भवला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने त्याचे उत्तर लिहिण्याचे काम ह्यूगो ग्रोशियस ह्या विशी नुकतीच ओलांडलेल्या वकिलाकडे आले. त्याने लिहिलेला मोठा ग्रंथ हस्तलिखितरूपाने पडून राहिला व १८६४ मध्ये उजेडात आला. परंतु त्यातील बारावे प्रकरण तेवढे १६०९ मध्ये ‘मारे लीबेरुम’, म्हणजे ‘मुक्त सागर’, ह्या नावाने, लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध झाले. सागराच्या मुक्ततेचा हा उद्घोष एका व्यापारी कंपनीच्या वकीलपत्रातून जन्मास आला, हे विसरता कामा नये. तीच कंपनी पुढे मसाल्याच्या बेटांत इतरांना फिरकू देईना.

ग्रोशियसचा रोख होता तो पोर्तुगीजांच्या मक्तेदारीवर. १४९४ च्या तोर्देसिलासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांनी अज्ञात जगाची आपसांत वाटणी करून घेतली होती, आणि त्याच्या बळावर पोर्तुगीज लोक हिंदी महासागरात प्रत्येक जहाजाने आपला परवाना घ्यावा असा आग्रह धरीत. ह्या परवान्यास ते ‘कार्ताझ’ म्हणत. अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागद, ह्या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. मद्रास विद्यापीठात १९५० च्या दशकात अध्यापन करणारे पोलिश विधिज्ञ सी. एच. अलेक्झांड्रोविच ह्यांनी पुढे असे प्रतिपादन केले की, पोर्तुगीज येण्यापूर्वी हिंदी महासागरात खुल्या व्यापाराची जी परंपरा नांदत होती, तिच्या ज्ञानाचा ग्रोशियसच्या सिद्धांतावर परिणाम झालेला आहे. आर. पी. आनंद ह्यांनीही १९८० च्या दशकातील आपल्या ग्रंथात हेच मत विस्ताराने मांडले. हे मत आपल्याला सुखावणारे असल्यामुळेच ते जरा जपून घेतले पाहिजे. कोकणचा इतिहास जाणणाऱ्यास मुक्त सागराच्या ह्या चित्रात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटेल. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे आपले दस्तक मागत असत. इंग्रजांच्या दप्तरात त्याबद्दल ते चांचे ठरले. वस्तुतः ‘आमचा कागद नसेल तर जहाज धरू’ हे म्हणणे पोर्तुगीजांचे, इंग्रजांचे आणि आंग्र्यांचे एकच होते. भेद इतकाच की, आंग्रे स्वतःच्या किनाऱ्यावरून बोलत होते आणि इतर दोघे दुसऱ्याच्या. किनारा ज्याचा, जवळचे पाणीही त्याचे, हा न्याय युरोपात बिंकरशूक ह्या डच विधिज्ञाने १७०२ मध्ये तोफेच्या पल्ल्याच्या मापाने मांडला. पुढे त्याचेच तीन सागरी मैल झाले.

ग्रोशियसच्या पुस्तिकेतील एक बारीक जागा मात्र त्याच्या वारसदारांनी दुर्लक्षिली. समुद्रावर कोणाची मालकी का असू शकत नाही, ह्याचे एक कारण तो असे देतो की, एकाच्या वापराने दुसऱ्याच्या वापरास बाध येत नाही. परंतु हे लिहिताना मासेमारीच्या बाबतीत तो अडखळतो. मासे संपू शकतात असे कोणी म्हणू शकेल, हे तो मान्य करतो, आणि तरीदेखील नौकानयनाने समुद्र संपत नाही, असे म्हणून पुढे सरकतो. स्कॉटलंडच्या विल्यम वेलवुडने १६१३ मध्ये नेमके येथेच बोट ठेविले. परक्या जहाजांमुळे आपल्या किनाऱ्यावरचे मासे दुरावले अशी त्याची तक्रार होती. जॉन सेल्डनचा ‘मारे क्लाउसुम’, म्हणजे ‘बंद सागर’, हा ग्रंथ १६३५ चा. त्याची कीर्ती मोठी; पण आज वेलवुडची तक्रारच अधिक समर्पक वाटते. कारण ‘मुक्त’ हे विशेषण प्रवासाला लावले तर एक अर्थ होतो आणि शिकारीला लावले तर अगदी दुसरा. पुढील तीन शतकांत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात राहिले. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सलीसारख्या शास्त्रज्ञाने, त्या काळच्या मासेमारीच्या पद्धती गृहीत धरून का होईना, समुद्रातील मोठी मत्स्यक्षेत्रे बहुधा अक्षय आहेत असा निर्वाळा दिला. पद्धती बदलल्या, निर्वाळा मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

मुक्ततेच्या ह्या द्व्यर्थी वापराचा पहिला झटका बसला तो सीलच्या कातड्यांवरून. बेरिंग समुद्रातील प्रिबिलॉफ बेटांवर केसाळ सील विणीसाठी येत. बेटे अमेरिकेची, परंतु सील पोहत दूर गेले म्हणजे कॅनडाचे व पुढे जपानचे शिकारी त्यांना खुल्या समुद्रात गाठून मारीत. ‘हे सील आमचे’ हे अमेरिकेचे म्हणणे १८९३ मध्ये पॅरिसच्या लवादाने फेटाळले. सील बेवारस ठरले आणि त्यांचे कळप झपाट्याने ओसरले. अखेर ७ जुलै १९११ रोजी अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया ह्यांनी वॉशिंग्टन येथे करार करून खुल्या समुद्रातील सीलची शिकार बंद केली. ह्या करारातील खरी युक्ती मनाईत नव्हती. अमेरिका आणि रशिया ह्यांनी आपापल्या बेटांवरील कातड्यांपैकी पंधरा टक्के जपानला आणि पंधरा टक्के कॅनडाला द्यावीत, असे त्यात ठरले होते. ज्याने शिकार सोडावयाची त्याला वाटा मिळाला, म्हणून मनाई पाळली गेली आणि कळप सावरले. १९४१ मध्ये जपान त्यातून बाहेर पडेपर्यंत हा करार टिकला. सागरी जीवांच्या रक्षणासाठी झालेल्या आरंभीच्या करारांत इतका यशस्वी दुसरा क्वचितच सापडेल, आणि त्यात ‘वारसा’, ‘मानवजात’ असा एकही उदात्त शब्द नव्हता, ही गोष्ट आमच्यासारख्या शब्दांच्या अभ्यासकांनी नम्रपणे नोंदवून ठेविली पाहिजे.

ह्याच्या उलट देवमाशांचे झाले. १९४६ च्या करारात भावी पिढ्यांचा उल्लेख प्रास्ताविकातच आहे. परंतु प्रत्यक्ष मोजमाप ‘निळा देवमासा’ हे एकक धरून करण्यात आले : एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हम्पबॅक अथवा सहा सेई. अंटार्क्टिक समुद्रासाठी अशी १६,००० एकके एका हंगामास ठरली. कोणता देश किती मारील हे ठरले नाही. त्यामुळे एकूण मर्यादा गाठण्यापूर्वी आपला हिस्सा उचलण्याची शर्यत लागली, आणि एका निळ्याने एक एकक भरत असल्यामुळे सर्वांत मोठा प्राणीच आधी संपत गेला. व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव व्हावयास १९८२ साल उजाडले.

आता वारशाकडे वळू. सागरी संपत्ती ही अखिल मानवजातीची ठेव आहे ही कल्पना प्रथम पार्दोंनी मांडली, असे सरसहा लिहिले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. अर्जेंटिनाचे होसे लेओन सुआरेस ह्यांनी राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञसमितीपुढे १९२५ मध्ये जो अहवाल ठेविला, त्यात देवमाशांच्या संदर्भात जवळजवळ हीच कल्पना आलेली आहे. त्यानंतर १९५८ मध्ये जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांची पहिली सागरी कायदा परिषद भरली, तेव्हा तिचे अध्यक्ष, थायलंडचे राजपुत्र वान वैद्याकोर्न, ह्यांनी समुद्र हा मानवजातीचा समाईक वारसा आहे असे उद्गार काढले होते. हे राजपुत्र वान स्वतः भाषापंडित होते. आधुनिक राज्यव्यवहाराला लागणाऱ्या संज्ञा संस्कृत व पाली धातूंवरून थाई भाषेत घडविण्याचे काम त्यांनी केले. क्रांतीसाठी रूढ झालेला ‘पतिवत्’ हा त्यांचाच शब्द. परिभाषा घडविणाऱ्या माणसाच्या तोंडून ही संज्ञा निघावी हा योगायोग असेल; पण मोठा रम्य योगायोग आहे. मात्र सुआरेस आणि वान ह्या दोघांच्याही मनात पाणी आणि त्यातील जीव होते. समुद्राच्या तळाकडे त्यांचे लक्ष नव्हते.

तळाकडे लक्ष वळविले ते मॉल्टाचे राजदूत अर्विद पार्दो ह्यांनी. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी खंडान्त उथळ तळावरील संपत्तीवर हक्क सांगितल्यापासून किनाऱ्यावरची राष्ट्रे एकामागून एक समुद्रात पुढे सरकत होती. ही रेषा सरकत सरकत महासागराच्या मध्याला भिडेल, आणि खोल तळावर पसरलेल्या मँगॅनीजच्या गोळ्यांची लूट चार-दोन श्रीमंत राष्ट्रे करतील, अशी भीती पार्दोंनी १ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढील प्रदीर्घ भाषणात व्यक्त केली. त्या गोळ्यांच्या किमतीसंबंधी त्यांनी दिलेले आकडे अवास्तव आशावादी होते, हे पुढे दिसून आले. पण त्या आकड्यांनीच जगाचे कान टवकारले. १७ डिसेंबर १९७० रोजी आमसभेने १०८ विरुद्ध शून्य मतांनी, १४ राष्ट्रे तटस्थ असता, घोषणापत्र संमत केले. राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील समुद्रतळ आणि त्यावरील ‘साधनसंपत्ती’ हा मानवजातीचा समाईक वारसा होय, असे त्यात म्हटले आहे. ‘साधनसंपत्ती’ ह्या शब्दामागे येथे कोणतेही विशेषण नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

‘मालमत्ता’ हा शब्द पार्दोंनी बुद्धिपुरस्सर टाळला होता. मालकीत वापरण्याचा आणि नासण्याचाही हक्क येतो. वारशात तो येत नाही, वारसा पुढच्याच्या हवाली करावयाचा असतो, अशी त्यांची धारणा होती. परंतु १९८२ चा करार अरबी, इंग्रजी, चिनी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश अशा सहा भाषांत सारखाच प्रमाण मानलेला आहे, आणि मसुदा समितीत प्रत्येक भाषेचा निराळा गट काम करीत होता. ह्या सहा पाठांची तुलना केली असता मोठी मौज दिसते. फ्रेंच व स्पॅनिश पाठांत ‘पात्रिम्वान’, ‘पात्रिमोनिओ’ हे शब्द आहेत. मुळात पित्याकडून आलेले ते धन, पण फ्रेंच विधिशास्त्रात त्या शब्दाने एखाद्या व्यक्तीचे धन आणि ऋण ह्यांचा एकत्र समुच्चय दर्शविला जातो. रशियन ‘नास्लेदिये’ इंग्रजी शब्दाच्या जवळ राहतो. अरबी पाठात ‘तुराथ’ आहे. आपला ‘वारस’ शब्द ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूचा तो सोदर होय, म्हणून मराठीतील ‘वारसा’ हा प्रतिशब्द नकळत एका प्रमाण पाठाशी रक्ताचे नाते सांगतो. चिनी पाठात मात्र ‘समाईक वारशाने आलेली मालमत्ता’ अशा अर्थाचा समास योजिला आहे. पार्दोंनी जो शब्द पुढच्या दाराने बाहेर घालविला तो एका भाषेत मागल्या दाराने आत आला, आणि तोही तितक्याच प्रमाणत्वाने.

भाषांतरातील हा भेद उद्बोधक असला तरी त्याने व्यवहार फारसा बदलला नाही. व्यवहार बदलला तो एका विशेषणाने. १९७३ मध्ये सुरू झालेली तिसरी सागरी कायदा परिषद नऊ वर्षे चालली. तिने सिद्ध केलेल्या कराराच्या १३६ व्या कलमात समाईक वारशाचे तत्त्व आहे. परंतु त्याआधीच १३३ व्या कलमात ‘साधनसंपत्ती’ची व्याख्या येते, आणि ती व्याख्या घन, द्रव अथवा वायुरूप ‘खनिज’ संपत्तीपुरतीच आहे. १९७० च्या घोषणापत्रात नसलेले विशेषण येथे येऊन बसले. त्याचा परिणाम असा की, तळावरचा दगड मानवजातीचा वारसा झाला आणि त्या दगडाला चिकटलेला जीव वारशाबाहेर राहिला. कराराच्या १४५ व्या कलमात खाणकामापासून तेथील जीवसृष्टीचे रक्षण करण्याची तरतूद आहे, हे खरे. परंतु रक्षणाची तरतूद निराळी आणि वारसाहक्क निराळा.

ह्यात कोणाचा डाव होता असे म्हणण्यास आधार दिसत नाही. खोल तळ म्हणजे काळोखी, थंड आणि जवळजवळ निर्जीव जागा, अशीच त्या काळी बहुतेकांची समजूत होती, आणि वाटाघाटी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मँगॅनीजचे गोळे होते. दैवदुर्विलास असा की, ही समजूत परिषद चालू असतानाच खोटी ठरली. फेब्रुवारी १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर उष्ण झऱ्यांभोवती दाट जीववस्ती आढळली. सूर्यप्रकाशावाचून, रासायनिक द्रव्यांतून ऊर्जा घेणाऱ्या जंतूंच्या आधारावर ती उभी होती. असल्या जीवांतील गुणसूत्रे औषधनिर्मितीला आणि उद्योगाला उपयोगी पडतील, हे पुढे स्पष्ट झाले. परिषद आणखी पाच वर्षे चालली, तरी मसुद्यातील विशेषण जागचे हलले नाही.

ह्या इतिहासात भारताचे स्थानही तपासण्याजोगे आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ ह्या भारतीय संशोधननौकेने अरबी समुद्राच्या तळातून पहिले गोळे वर आणले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची ही नौका. (‘गवेषणा’ म्हणजे मुळात गाईंचा शोध, वैदिक गोपालाचा शब्द समुद्रतळावरच्या दगडांपर्यंत येऊन पोहोचला, हा अर्थविस्तार वर्गात सांगण्यासारखा आहे.) ह्या बळावर भारताला आद्य गुंतवणूकदार राष्ट्राचे स्थान मिळाले, आणि १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटरांचे क्षेत्र त्याच्या नावे नोंदले गेले, नियमाप्रमाणे त्याचा अर्धा भाग पुढे परत करण्यात आला. विकसनशील राष्ट्रांच्या बाजूने वारशाचे तत्त्व मांडणारा देश अशा रीतीने त्या वारशातील एका तुकड्याचा संशोधकही झाला. ह्या दोन भूमिकांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, पण ताण आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. ३० एप्रिल १९८२ रोजी करार १३० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधकांत अमेरिका होती. १९९४ च्या पुरवणी कराराने तंत्रज्ञान सक्तीने देण्याच्या व उत्पादनावर मर्यादा घालण्याच्या तरतुदी बाजूला सारल्या, आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला मूळ करार अमलात आला. भारताने त्यास १९९५ मध्ये अनुमती दिली. जमैकातील किंग्स्टन येथे ह्या वारशाचा सांभाळ करणारे प्राधिकरण आहे. परंतु २०२५ अखेरपर्यंत त्या तळावर कोठेही व्यापारी उत्खनन सुरू झालेले नव्हते. २४ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्वदेशी कायद्याच्या आधारे उत्खननाचे परवाने त्वरेने देण्याचा आदेश काढला, तेव्हा ‘बेवारस’ हा जुना अर्थ पुन्हा डोके वर काढीत असल्याची टीका झाली. स्वतः पार्दोंना आपल्या कल्पनेचे झालेले आकुंचन उतारवयात फार जाचले. मानवजातीच्या हाती अखेर काळोखातले काही कुरूप दगड तेवढे आले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आहेत.

दगडांतून सुटलेल्या जीवांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत २००४ पासून चर्चेत होता. त्यांचा वारशात समावेश करावा असे विकसनशील राष्ट्रे म्हणत. खुल्या समुद्रातील स्वातंत्र्याचा नियमच त्यांना लागू आहे, असे अनेक औद्योगिक राष्ट्रांचे म्हणणे होते. १९ जून २०२३ रोजी संमत झालेल्या राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील सागरी जैवविविधतेच्या कराराने ह्या वादावर जो तोडगा काढला तो भाषाशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. कराराच्या ७ व्या कलमात मार्गदर्शक तत्त्वांची यादी आहे. तीत समाईक वारशाचे तत्त्व आणि वैज्ञानिक संशोधनासह खुल्या समुद्रातील इतर स्वातंत्र्ये, ही दोन्ही लागोपाठच्या दोन उपकलमांत शेजारी शेजारी ठेविली आहेत. शिवाय वारशाच्या तत्त्वाला ‘जे मूळ करारात नमूद आहे’ अशा आशयाचे एक उपवाक्य जोडले आहे. हे उपवाक्य केवळ ओळख पटविणारे मानले, तर वारशाचे तत्त्व नव्या क्षेत्रात मोकळेपणी शिरते. ते मर्यादा घालणारे मानले, तर तत्त्व पुन्हा खनिजांपाशी येऊन थांबते. दोन्ही वाचने व्याकरणाला धरून आहेत. मसुदा करणाऱ्यांनी ही संदिग्धता जाणूनबुजून राखली असावी, असे आम्हांस वाटते. तिच्याविना करार झालाच नसता. इंग्रजी पाठात १९८२ चा पुरुषवाचक ‘मॅनकाइंड’ जाऊन ‘ह्यूमनकाइंड’ आला. फ्रेंच व स्पॅनिश पाठांना हा बदल करण्याची गरजच नव्हती, आणि आपल्या ‘मानवजाती’लाही ती पडत नाही.

भारताने ह्या करारावर सप्टेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली. साठावी अनुमती १९ सप्टेंबर २०२५ रोजी दाखल झाली व त्यानंतर १२० दिवसांनी तो अमलात आला. खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रे घोषित करण्याची आणि एकमत न झाल्यास तीन-चतुर्थांश बहुमताने निर्णय घेण्याची तरतूद त्यात आहे. ती कशी राबविली जाते ह्यावर कराराचे पुष्कळसे मोल ठरेल. परंतु जीवांच्या जनुकीय संपत्तीतून होणाऱ्या लाभाच्या विभागणीचे जे नियम केले आहेत, त्यांतून मासेमारी आणि मासेमारीत हाती आलेले मासे वगळलेले आहेत. त्या माशांच्या जनुकांवर संशोधन झाले, तर मात्र ते पुन्हा नियमांच्या कक्षेत येतात. एकाच जाळ्यात सापडलेल्या दोन माशांपैकी जो बाजारात गेला तो जस्टिनिअनच्या विधीप्रमाणे पकडणाऱ्याचा, आणि जो प्रयोगशाळेत गेला त्याच्या लाभात दूरच्या, समुद्र कधी न पाहिलेल्या राष्ट्रांचाही वाटा.